कडक कायदा की जनसुनावणी: जोर कुठे लावायचा?

मंडळ दहा जणांचं, आठवड्यात मोकळी संध्याकाळ एकच. सरकारी खर्चाला शिस्त लागावी म्हणून कडक कायदा मागायचा, की बजेटआधी लोकांचं ऐकायची पद्धत पाडून घ्यायची?

कायदा तर आहेच. वित्तीय उत्तरदायित्वाचा केंद्राचा कायदा २००३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. केंद्राला राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवायचा खर्च, मार्च २०२१ पर्यंत जीडीपीच्या तीन टक्क्यांवर आणायची होती; कोरोनाच्या त्या वर्षी ती नऊच्या वर गेली. आकडा हुकला तर सभागृहात कारण सांगायचं, दंड कोणालाच नाही. शिवाय कर्ज एखाद्या महामंडळाच्या नावावर काढलं की तूट कागदावर जागची हलत नाही. आणि डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आपण बघतोच: यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे वाटेत अडवलेले, आणि विधान भवनात पुरवणी मागण्यांचं, म्हणजे बजेटबाहेरच्या जादा खर्चाचं, बाड मंजूर. राज्यघटनेच्या कलम २०५ प्रमाणे तेही रीतसरच!

जनसुनावणीला कायद्याचं बळ नाही. विधेयकाचा मसुदा तीस दिवस लोकांपुढे ठेवावा, असं केंद्राचं २०१४ चं धोरण आहे. ते नुसतंच धोरण. पुण्यात २००६-०७ पासून नागरिक बजेटसाठी कामं सुचवतात. आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये महापालिकेवर प्रशासक बसला, तेव्हा बजेटवर बोलायला नगरसेवकच उरले नव्हते. सुनावणीला येणारेही बहुधा आमच्यासारखे पेन्शनर; हातमजुरीवाला दिवस पाडून कसा येणार?

तरी माझा कौल सुनावणीला. आमच्या गल्लीतला सिमेंट रोड फाटकापेक्षा वीतभर उंच झाला. काम चालू असतानाच किराणावाला म्हणाला होता, "पाणी जाईन कुठून जी?" पहिल्याच पावसात ते अंगणात आलं. मग नालीसाठी तोच रोड फोडला, म्हणजे बिल दोनदा. तीन टक्क्यांच्या हिशेबात हे कधीच दिसलं नसतं.

तुमच्यात सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचे अहवाल वाचणारा सीए असेल आणि आमदार फोन उचलत असेल, तर कायद्याच्या मागे खुशाल लागा. नसेल तर झोन ऑफिसात दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका: प्रभागातली वर्षभराची कामं, प्रत्येकाचं एस्टिमेट आणि दिलेलं बिल. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ती यादी हातात घेऊनच सुनावणी मागायला जा, आणि प्रत्येक सूचनेला बजेट मंजूर होण्याआधी लेखी उत्तर द्या, हेही सुनावणीच्या अर्जात लिहा.