छोट्या इलेक्ट्रिक टेम्पोसाठी घरचा पॉइंट की बाहेरचा फास्ट चार्जर?

टाटा एस ईव्हीची बॅटरी 21.3 किलोवॅट-तासांची. घरच्या 15 अँपिअर पॉइंटवर साधारण 3 किलोवॅट मिळतात. रात्री दहाला लावलेली रिकामी गाडी सकाळी सहाच्या सुमारास भरते. मात्र वायरिंग पक्कं हवं. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात प्लग हाताला चटका देऊ लागला, सॉकेटची कड पिवळी पडली. वायर बारीक निघाली. मग 4 चौरस मिमी तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि नवं अर्थिंग केलं. एक्स्टेंशन बोर्ड तर कधीच लावू नका.

बाहेरच्या सीसीएस-2 (फास्ट चार्जिंगच्या प्लगचा एक प्रकार) डीसी चार्जरवर वेळ खूप वाचतो, पण विजेचं युनिट महाग आणि वर 18 टक्के जीएसटी. 80 टक्क्यांनंतर वेगही मंदावतो. तिथेच गन (चार्जरचा प्लग) काढावी. रोजची फेरी शंभर किलोमीटरच्या आत असेल, तर मी घरचाच पॉइंट घेईन.