मोबाइलची केबल जोडून नेट चालू झालं, तिथेच थांबलो असतो तर 59,998 रुपये वाचले असते

कस्टमर केअरच्या नावाने मला फसवून नेलेल्या पैशांचा आकडा आधीच सांगतो, कारण गेले तीन आठवडे ज्याला त्याला तोच सांगत फिरतोय. एकोणसाठ हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. बँकेतला माणूस "म्हणजे साठच" म्हणाला. साठ नाही. ते दोन रुपये माझ्याकडे राहिलेत, तेवढे तरी माझ्या नावावर असू देत.

मी अडाणी नाही. ऑफिसात हिशेबाचं काम कॉम्प्युटरवरच करतो. "तुमचं खातं बंद होणार" असले फोन आले की दोन शिव्या हासडून ठेवून देतो. पण ते फोन आपल्याला येतात. इथे फोन मी केला होता. आपण होऊन, नंबर शोधून. म्हणून तर सावध राहायचं सुचलंच नाही.

झालं असं. गुरुवारी रात्री आठच्या सुमाराला घरच्या कॉम्प्युटरचं नेट गेलं. खाली कोपऱ्यात गोल जगाचं चिन्ह आणि त्यावर आडवी काट. मोबाइलवर वायफाय चालू होतं, म्हणजे लाइन ठीक होती. फक्त कॉम्प्युटरला नेट नव्हतं. मुलीच्या परीक्षेचा फॉर्म त्याच रात्री 11 वाजून 59 मिनिटांपर्यंत भरायचा होता, फोटो आणि सह्या सगळं त्याच मशीनमध्ये. राउटर बंद करून चालू केला. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, दोनदा. केबल बघितली, लावलेली होती. निदान दिसत तरी तशीच होती.

मग मोबाइलवर नेट कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअरचा नंबर शोधला. सगळ्यात वर जो आला त्यावर फोन लावला. तो पैसे देऊन वर आणलेला नंबर होता, ती जाहिरात असल्याचं बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं, आज मला ते लांबून दिसतं. खरा नंबर कंपनीच्या बिलावर छापलेला होता आणि बिल माझ्या मागच्या खणात होतं. कस्टमर केअरचा नंबर सर्चमध्ये शोधू नका. बिल, पावती, पासबुक, कार्डाची मागची बाजू, नाहीतर कंपनीचं स्वतःचं ॲप. बस्स.

माणूस अतिशय गोड. "सर, काळजी करू नका, मी सीनियर नेटवर्क इंजिनिअर बोलतोय." सर, सर, सर. मला ऑफिसात कोणी दिवसभरात एवढं सर म्हणत नाही. म्हणाला, रिमोटवर बघावं लागेल, पण तुमच्या मशीनला नेट नाही, तर मोबाइल चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा.

जोडला. पाच सेकंदांत नेट चालू.

आता इथे जरा थांबा, कारण मी थांबलो नाही. मोबाइलचं नेट त्याच कॉम्प्युटरला दिल्यावर जर सगळं धडाधड उघडतंय, तर कॉम्प्युटरमध्ये बिघाड नाही. विंडोज ठीक, ब्राउझर ठीक, नेट जाण्याचं कारण व्हायरसबियरस नाही. दोष कुठे? बहुतेक कॉम्प्युटर आणि राउटरच्या मधल्या दोन मीटरमध्ये. हे कळायला इंजिनिअर लागत नाही. माझी मुलगी, अकरावीतली, मागे उभी राहून म्हणालीसुद्धा, "बाबा, चालतंय की आता! फॉर्म भरून घेऊ ना?"

आणि मी हात वर करून तिला गप्प केलं. "थांब गं, साहेब बोलतायत."

साहेब!

हे वाक्य मला रात्री झोपू देत नाही. पैसे एक वेळ जाऊ देत.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, असल्या गोष्टी कशा चालतात. दुरून मशीन चालवायचं ॲप उतरवायला लावलं, नऊ आकडे वाचून घेतले, "अलाउ" दाबलं आणि माऊसचा बाण आपोआप हलायला लागला. पण त्याने जे जे दाखवलं ते सांगतो, कारण त्यातलं एकही खोटं नव्हतं. हीच तर लबाडी. इव्हेंट व्ह्यूअर उघडला, त्यात लाल खुणांची रांग, एकूण 2,317 एरर. मला घाम फुटला. आज तुमच्या धडधाकट मशीनवर तीच खिडकी उघडा, तिथेही शेकड्यांनी एरर दिसतील. विंडोज बारीकसारीक कुरकुर तिथे नोंदवत असतं, त्याने काही बिघडत नाही. मग काळ्या खिडकीत नेटस्टॅट टाइप केलं. एका रकान्यावर लिहिलं होतं "फॉरेन ॲड्रेस". "सर, फॉरेनमधून लोक आत बसलेत." प्रत्यक्षात त्या रकान्याचा अर्थ फक्त पलीकडच्या टोकाचा पत्ता. आपण उघडलेली कुठलीही वेबसाइट तिथेच दिसणार. नंतर "असोक" (assoc) ही कमांड टाइप केली, भराभर यादी धावली आणि शेवटी 888डीसीए60 ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक आला. "हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स नंबर, आमच्या रेकॉर्डशी जुळतोय बघा," असं म्हणून त्याने फोनवर तो मला घडाघडा म्हणून दाखवला. जुळणारच! तो क्रमांक प्रत्येक विंडोजवर अक्षरन् अक्षर तोच असतो.

आणि कळस म्हणजे आयपीकॉन्फिग, नेटच्या जोडण्या दाखवणारी कमांड. त्यात पहिल्याच परिच्छेदात, इथरनेट म्हणजे केबलच्या जोडणीखाली, स्वच्छ लिहिलं होतं: मीडिया डिस्कनेक्टेड. याचा अर्थ केबल लागलेली नाही. माझ्या सगळ्या दुखण्याचं उत्तर माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच स्क्रीनवर, त्या चोराने स्वतः उघडून दाखवलं. आणि म्हणाला काय, "सर, हॅकरने तुमचा मीडिया डिस्कनेक्ट केलाय." मी म्हटलं, "अरे बापरे."

1,499 रुपये "सर्व्हिस चार्ज", स्क्रीनवर क्यूआर आला, मी स्कॅन केला. मग 8,999 रुपये, तीन वर्षांची "नेटवर्क सुरक्षा". हे जास्त वाटलं, तसं म्हणालोही. तर तो म्हणाला, प्लॅन घेतल्यावर आधीचे 1,499 परत मिळतात, आत्ताच खात्यात टाकतो, नेटबँकिंग उघडून ठेवा म्हणजे तुम्हाला जमा झालेले दिसतील. 8,999 भरले, नेटबँकिंग उघडलं. स्क्रीन काळी झाली. "सर्व्हर अपडेट होतोय, हात लावू नका." मी खरोखर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो होतो.

मोबाइलवर मेसेज आला. तो म्हणाला, "रिफंडचा कोड आलाय, सांगा." ओटीपी हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही, हे मी पोलिसांनाही सांगितलं. त्या मेसेजमध्येच लिहिलेलं होतं की हा कोणालाही सांगू नका, बँकेलासुद्धा नाही. मी आकडे वाचले, वाक्य वाचलं नाही. पहिला कोड त्याचं खातं लाभार्थी म्हणून जोडायचा, दुसरा पैसे पाठवायचा. 49,500. माझ्या बँकेत नवीन लाभार्थ्याला पहिल्या दिवशी 50,000 च्या वर पाठवता येत नाही. मला ती मर्यादा ठाऊक नव्हती, त्याला होती.

10 वाजून 20 मिनिटांनी पैसे गेल्याचा मेसेज आला आणि लाइन कट. मोबाइल ओढून काढला, मशीनचं बटण दाबून धरलं. मुलीने फॉर्म तिच्या आईच्या मोबाइलवरून भरला, फोटो नवे काढून. वीस मिनिटांत. तेवढं मला तरी सुचायला हवं होतं की नाही?

आणि दुसरी चूक. मी त्या रात्री 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला नाही. लाज वाटली, खोटं कशाला सांगू. बायकोला "बघतो सकाळी" म्हटलं. सकाळी सव्वानऊला केला, तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला, पण तोपर्यंत पैसे पहिल्या खात्यातून पुढे पळाले होते. तुम्ही असं करू नका. लाज नंतर वाटून घ्या, फोन आधी. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधल्या खात्यात अडकायची शक्यता जास्त.

आता बँक. शाखेत गेलो, तर टेबल क्रमांक चार. चारवाला म्हणाला, कस्टमर केअरला मेल करा. मेल केला, उत्तर आलं, शाखेशी संपर्क साधा. पुन्हा शाखा. मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, "ओटीपी तुम्हीच दिला ना? मग व्यवहार तुमचाच." रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक प्रिंट काढून नेलं होतं. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेलेले पैसे ग्राहकाचे, हे त्यात आहेच, मला मान्य आहे. पण कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं, हेही त्यातच आहे. आणि मी कळवल्यावर नेटबँकिंग बंद करायला यांनी दोन दिवस लावले! त्यात आणखी काही गेलं नाही हे माझं नशीब, यांची कर्तबगारी नव्हे. तर मॅडम म्हणतात, "कागद ठेवून जा." पोच मागितली, तर शिक्का सापडेना. शिक्का! बँकेत! मी उभा राहिलो, पाऊण तास, शिक्का सापडेपर्यंत.

पोलीस ठाण्यात तर आधी हसले. मग हद्दीचा प्रश्न निघाला. आरोपी कुठला माहीत नाही, खातं दुसऱ्या राज्यातलं, सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, आधी तुमच्या ठाण्यात जा. गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यायची, हे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे. हे मी म्हणालो तर हवालदार म्हणाला, "एवढं कळतं तर ओटीपी कसा दिला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पण अर्ज घेणं त्यांचं काम होतं, माझी परीक्षा घेणं नव्हे. चार खेपा झाल्या, दोन रजा गेल्या, चौथ्या खेपेला अर्ज घेतला.

ज्यांच्या मशीनवर असं कोणी येऊन गेलंय त्यांनी नुसतं ॲप काढून भागवू नका. नेट तोडा, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, मेलचा सगळ्यात आधी. स्क्रीनवर काय काय उघडं होतं ते आठवा. माझी पॅन कार्डाची फाइल डेस्कटॉपवरच होती.

शनिवारी नेट कंपनीचा खरा मुलगा आला. राउटरच्या मागे बोट घातलं आणि केबल पुढे ढकलली. टक् आवाज झाला, छोटा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. केबलच्या टोकाची प्लास्टिकची चिमटी तुटली होती, त्यामुळे ती दोन-तीन मिलिमीटर मागे सरकलेली. दिसायला लावलेली, पण आत टेकलेली नाही. टोक बदलून दिलं आणि निघाला. मी पैसे विचारले तर म्हणाला, "याचे काय घ्यायचे, काका?"

परवा पुन्हा एक फोन आला. आवाज वेगळा, गोडवा तोच. तुमची 59,998 ची तक्रार आमच्याकडे आली आहे, रक्कम मंजूर झाली, फक्त 2,400 प्रोसेसिंग भरा. आकडा अचूक. मी ज्यांना सांगितली ती माणसं सोडली तर पूर्ण बेरीज त्या चोरांखेरीज कोणाला ठाऊक असणार? सगळं कळत होतं मला. तरी फोन लगेच ठेवला नाही. दोन-तीन सेकंद ऐकत राहिलो, आणि मग मुलीने येऊन माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला.