गोडॉटमधले स्फोट: काही महिने वापरल्यावर

आमच्या छोट्या थ्रीडी गेममध्ये पिंपं फुटतात. ती फुटताना मजा आली नाही तर गेममध्ये बाकी फारसं काही नाही, म्हणून गोडॉट ४ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधला जीपीयूपार्टिकल्स३डी हा नोड (गेम ज्या तुकड्यांतून जोडतात त्यातला एक) गेले कित्येक महिने जवळपास रोज हाताखाली आहे.

नवा नोड टाकला की ८ पार्टिकल, म्हणजे उडणारे छोटे कण, आणि १ सेकंदाचं आयुष्य मिळतं. 'वन शॉट' चालू करायचं आणि 'एक्स्प्लोजिव्हनेस' ० वरून १ वर न्यायचं. शून्याला भुईनळा, एकला सुतळी बॉम्ब.

पण स्फोटाला वजन येतं ते डॅम्पिंगने, म्हणजे कणांचा वेग हळूहळू मारणाऱ्या सेटिंगने. सुरुवातीचा वेग भरपूर द्यायचा आणि डॅम्पिंगही चढं ठेवायचं. आगीचा गोळा क्षणात फुगतो आणि जागीच अडतो. खऱ्या स्फोटातला गरम वायूसुद्धा असाच झपाट्याने पसरतो आणि भोवतालच्या हवेमुळे मंदावतो. डॅम्पिंग काढून बघा, तेच पार्टिकल एका चालीने बाहेर सरकत राहतात आणि सगळं पोकळ वाटतं.

एका नोडमध्ये हे काम भागत नाही. माझ्याकडे चार आहेत: झगमगाटाचा १ पार्टिकल, तोही जेमतेम ०.१ सेकंद, आगीचे १६, धुराचे १२, ठिणग्यांचे ४०. एकूण ६९. हजारो पार्टिकल लागतात असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा जरूर बघावा. खरी करामत ८ बाय ८ चौकटींच्या फ्लिपबुक टेक्स्चरची असते, म्हणजे अॅनिमेशनच्या सगळ्या चौकटी एकत्र मांडलेल्या एका चित्राची. मटेरियलमध्ये 'पार्टिकल बिलबोर्ड' (कण कायम कॅमेऱ्याकडे तोंड करून राहतो) निवडून 'अँगल' ० ते ३६० सोडला की एकच चित्र बारा वेळा वापरलंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. पूर्ण गुरुत्वाकर्षण फक्त ठिणग्यांना. धुराला उलट किंचित वर ओढायचं.

आता डोकेदुखी. फोनवर धूर महाग पडतो. कॅमेऱ्याजवळ स्फोट झाला की पारदर्शक थरांवर थर रंगवावे लागतात आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चौकटी) धाडकन खाली येतो. तिथे पार्टिकलची संख्या गौण, त्यांनी पडद्याचा किती भाग व्यापला ते महत्त्वाचं. दुसरं, पहिल्याच स्फोटाला बसणारा हिसका. शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे ग्राफिक्स चिपवरचे छोटे प्रोग्राम, ऐनवेळी तयार होतात, त्यामुळे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गोडॉट ४.४ पासून हे पुष्कळ सुधारलं, तरी मी लोडिंग स्क्रीनमागे एक स्फोट उडवून घेतोच. आणि 'व्हिजिबिलिटी एएबीबी'ची पेटी (कण कुठवर पसरतात ते गोडॉटला सांगणारी) तोकडी राहिली तर कॅमेरा वळताच अख्खा धूर गायब होतो. एडिटरच्या मेनूतून ती आपोआप मोजून घेता येते, तेवढं कराच.

लहान डबा आणि मोठा ट्रक, दोन्हींसाठी सीन एकच वापरतो. डब्याला 'स्पीड स्केल' (कणांचा एकूण वेग) १.५, ट्रकला ०.६ आणि आकार दुप्पट. नुसता आकार वाढवला तर ट्रकही खेळण्यातला दिसतो. ब्राउझरच्या आवृत्तीत मात्र ठिणग्यांच्या शेपट्यांवर पाणी सोडावं लागलं, कारण ट्रेल्स, म्हणजे या शेपट्या, ब्राउझरमध्ये वापरल्या जाणाऱ्या कॉम्पॅटिबिलिटी रेंडररवर (चित्र रंगवायची साधी पद्धत) चालत नाहीत. तिथे सध्या लांबट टेक्स्चरवर भागवतोय.