रायझोबियम संवर्धक: एका खरिपाचा अनुभव
हवेत 78 टक्के नत्र असूनही पिकाला तो थेट घेता येत नाही. रायझोबियम जिवाणू मुळांवरच्या गाठींत राहून त्याचे अमोनियात रूपांतर करतात आणि मोबदल्यात पिकाकडून साखर घेतात. यासाठी यंदा मी सोयाबीनकरिता संवर्धकाची, म्हणजे हे जिवंत जिवाणू असलेल्या मिश्रणाची, 250 ग्रॅमची पाकिटे आणली आणि 10 किलो बियाण्याला एक या प्रमाणात, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, हलक्या हाताने चोळून बियाणे सावलीत सुकवले. बुरशीनाशक आधी आणि संवर्धक शेवटी, हा महत्त्वाचा क्रम पाकिटावर इतक्या बारीक अक्षरांत छापला आहे की चष्मा लावूनही तो वाचवत नाही. दीड महिन्याने एक झाड मातीसकट उपटून गाठ नखाने फोडली, तेव्हा ती आतून गुलाबी निघाली. हा रंग गाठीतल्या लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा, म्हणजे गाठ कामाला लागल्याची खूण. बांधालगतच्या दोन ओळींत मात्र गाठी मोजक्याच आणि पांढरट होत्या. तिथले पाकीट दुकानदाराने उन्हातल्या फळीवरून काढून दिले होते. हरभऱ्याचे संवर्धक सोयाबीनला चालत नाही, हेही त्याने सांगितले नाही. पुढच्या खरिपातही मी हेच घेईन, पण अंतिम तारीख पाहून आणि दुसऱ्या दुकानातून.