सॉलिड कार्बाइड म्हणून ४० बिट्स घेतले, निघालं साधं हायस्पीड स्टील

सॅम्पल चांगलं दाखवून माल भलताच पाठवायचा, हा डाव तुम्हाला माहीत असेलच. मलाही माहीत होता, आणि राउटर (लाकूड-प्लाय कापायचं मशीन) चालवून ११ वर्षं झालीत, म्हणून तर लिहायची जास्त लाज वाटते.

सॅम्पलचे ६ मिमीचे दोन बिट्स, म्हणजे राउटरला लावायचे कटर, आले; सॉलिड कार्बाइडचे, म्हणजे स्टीलपेक्षा कितीतरी कठीण. एकेकाने १८ मिमी प्लायच्या १४ शीट कापल्या, कडा स्वच्छ. मग ४० ची ऑर्डर दिली, सगळे पैसे आगाऊ, थेट खात्यात. (हो, कळतंय. पण ६० शीटचं काम डोक्यावर होतं. तुम्ही काय केलं असतं?)

खोका उघडून एक बिट तळहातावर घेतला. हलका लागला. तिथेच थांबायचं ना! सॅम्पल शेजारीच पडलं होतं. पण सोनेरी कोटिंग बघून गप्प बसलो. कुरिअरच्या पावतीवर खोक्यासकट ५०० ग्रॅम लिहिलेलं, तेही वाचलं नाही. वजनकाटा नंतर काढला: सॅम्पल १८ ग्रॅम, हा १०. म्हणजे ४० खरे असते तर नुसते बिट्सच ७२० ग्रॅम भरले असते. कार्बाइड स्टीलच्या पावणेदोन पट जड, हे हाताखालच्या पोरांना मीच शिकवतो.

माल आला की आधी वजन करा. चुंबकावर विसंबू नका, आतल्या कोबाल्टमुळे कार्बाइडचा बिटही थोडा ओढला जातो.

दीड शीटवर पहिला बिट शिट्टी मारायला लागला. लाकडाच्या चिपऐवजी पीठ, कडा काळी. मी मूर्ख, स्वतःवरच संशय घेतला, कोलेट (बिट पकडणारा भाग) बदललं. फीड, म्हणजे बिट पुढे सरकायचा वेग, तपासला: १८,००० आरपीएम, दोन धारा, मिनिटाला ३.६ मीटर, म्हणजे दर धारेला ०.१ मिमी. चूक कुठे आहे यात? प्लायमधला गोंद धार खातो, मान्य, पण दीड शीटमध्ये? सहा बिटांत नऊ शीट, त्यातल्या सात भंगारात. विक्रेता म्हणाला, "तुमचा फीड चुकतोय," आणि ब्लॉक.

पोलीस म्हणाले, माल मिळाला ना, मग फसवणूक कसली? बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर ऐकवलं, धंद्यासाठी घेतलंत, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. मग मी कोण? पाचव्या चकरेला साहेबांनी बिट हातात फिरवून विचारलं, "हे भिंतीत भोक पाडायचं ना?"

पहिल्या ऑर्डरला आगाऊ पैसे नकोत, बिल घ्याच, त्यावर 'सॉलिड कार्बाइड' लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं 'कटर' आहे.

उरलेले ३४ डब्यात पडून आहेत. पुरावा म्हणून ठेवा म्हणाले होते, बघायला अजून कोणी आलेलं नाही.