विश्रामबागमधला वायफायवाला कॅफे: 3 स्टार, आणि दोन का कापले ते

गेले चार शनिवार मी या कॅफेत बसलोय त्यामुळं जरा सविस्तरच लिहितो. नाव टाकत नाही कारण मालकांशी समोरासमोर बोलणं झालंय आणि ते सुधारतो म्हणालेत. सांगलीत, विश्रामबागला, पहिल्या मजल्यावर आहे एवढं पुरे.

मी तिथं का जातो ते आधी सांगतो. आमचं गाव तासगाव तालुक्यात, मोबाईलला रेंज असते पण रोजचा दीड जीबी दुपारपर्यंत संपतो. गावच्या शाळेत सहा जुने कॉम्प्युटर आहेत, सगळे विंडोज 10 चे. त्याचा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, ती या मशीनांत नाहीच. गुरुजी म्हणाले पोरांचं शिकणं थांबायला नको, तुम्हाला कळतंय त्यातलं तर बघा काहीतरी. म्हणून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम, टाकायचं ठरलं, त्याची फाईल साधारण 3 जीबीची, ती उतरवायला एसटीनं सांगलीला.

जागा खरंच चांगली आहे. 40 रुपयात दोन तास, प्रत्येक टेबलाला प्लग, चहा कडक, एमपीएससीची पोरं बसलेली असतात त्यामुळं आवाज नाही. बाकी सोडा, तासगाव-सांगली एसटीत उभं राहून आल्यावर पंख्याखाली बसायला मिळतं हेच मला मोठं वाटतं. स्पीड 5 एमबीपीएसच्या आसपास, म्हणजे 3 जीबीला सव्वा तासाच्या वर.

आणि अडचण नेमकी इथंच आहे. वायफायचं लॉगिन एका तासानं आपोआप संपतं. हे कुठंही लिहिलेलं नाही, कोणी सांगतही नाही.

पहिल्या शनिवारी मी डाउनलोड मॅनेजर लावला, तो फाईलचे आठ तुकडे करून एकदम ओढतो, मिरर, म्हणजे तीच फाईल ठेवलेली दुसरी साईट, साध्या एचटीटीपीवरचा होता, म्हणजे वाटेत कुलूप नसलेला. मधे एकदा परत मोबाईल नंबर आणि ओटीपी मागितला तो दिला, डाउनलोड पुढं सरकलं, शेवटी कम्प्लीट आलं, साईझ तंतोतंत. खुशीत पेनड्राईव्ह बनवला, गावी गेलो, सोमवारी शाळेत लावला तर निम्म्यात स्क्वॉशएफएस एरर, म्हणजे आतला डेटा वाचता येत नाही. दुसऱ्या मशीनवर तेच. सातवीची पोरं मागं उभी राहून बघत होती, मला फार वाईट वाटलं.

आधी वाटलं पेनड्राईव्ह गेला, नवीन घेतला, साडेतीनशे रुपये. परत तेच. मग वाटलं वायफायचा सिग्नल कमी होता म्हणून फाईल खराब झाली असेल, आणि हा समज बऱ्याच जणांचा आहे म्हणून स्पष्ट लिहितो, नुसता सिग्नल कमी असला तर फाईल सहसा हळू येते, खराब होत नाही, कारण वायफायवर जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्याची, तपासणी होते आणि चुकलेली परत पाठवली जाते, वर टीसीपीची, म्हणजे डेटा पोचवायच्या नियमांची, वेगळी तपासणी असते.

खरं काय झालं ते दुसऱ्या शनिवारी कळलं, तेही दुसऱ्याच फाईलवरनं. शाळेच्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर उतरवला, 60 एमबीचा असायला हवा तो 9 केबीचा आला, चालवला तर हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालणार नाही असा मेसेज. नोटपॅडमधे उघडून बघितला तर आत कॅफेचं लॉगिन पान! मोबाईल नंबर टाका, ओटीपी टाका, सगळं एचटीएमएलमधे. म्हणजे सेशन संपलं की राउटर तुमच्या साध्या एचटीटीपी मागणीला स्वतःच उत्तर देतो आणि लॉगिन पान पाठवतो, आणि बिचारा डाउनलोड मॅनेजर ते फाईलचाच भाग समजून लिहून टाकतो. माझ्या 3 जीबीच्या आत तेच पान जाऊन बसलं होतं, वरनं साईझ बरोबर, मग शंका येणार कुठनं?

एचटीटीपीएसची, म्हणजे कुलूपबंद, लिंक असती तर राउटरला मधे काही घुसवता आलं नसतं, डाउनलोड तुटलं असतं आणि तुटलेलं निदान दिसतं तरी. म्हणून पहिलं, लिंक एचटीटीपीएसची आहे का बघा. दुसरं म्हणजे हॅश, फाईलच्या डेटावरनं काढलेला तिचा ठसा, जुळवल्याशिवाय टेबल सोडू नका. मिंटच्या साईटवर प्रत्येक फाईलचा एसएचए256 प्रकारचा हॅश दिलेला असतो, 64 अक्षरांचा. विंडोजमधे पॉवरशेल उघडून गेट-फाईलहॅश (Get-FileHash) लिहायचं, पुढं फाईलचं नाव, तो एसएचए256 च काढून देतो. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी ती फाईल वापरायची नाही. एकाच फाईलचा हॅश दोनदा काढला आणि दोन्ही वेळा वेगळा आला तर मात्र नेटला दोष देऊ नका, रॅम किंवा डिस्क तपासा.

आणि हे नुसतं खराब फाईलसाठी नाही. फेब्रुवारी 2016 मधे मिंटचीच वेबसाईट हॅक झाली होती आणि डाउनलोडची लिंक बदललेल्या, मागचा दरवाजा ठेवलेल्या फाईलकडं वळवली होती. साईटच हातात गेली तर तिथला हॅशही बदलता येतो, म्हणून जमत असेल तर जीपीजी सही, म्हणजे फाईल खरंच मिंटवाल्यांची असल्याची डिजिटल खूण, पण तपासा. मी आता तपासतो, शाळेच्या मशीनवर टाकायचं आहे म्हटल्यावर एवढं करायलाच हवं.

खराब झालेली 3 जीबी फेकली नाही बरं का. मिंटची टॉरेंट फाईल घेतली, क्यूबिटटॉरेंट या टॉरेंट उतरवायच्या सॉफ्टवेअरमधे त्याच फोल्डरला जुनी फाईल ठेवून फोर्स रीचेक केलं, म्हणजे सगळी फाईल परत तपासायला लावली. टॉरेंटमधे प्रत्येक तुकड्याचा वेगळा हॅश असतो त्यामुळं त्यानं फक्त बिघडलेले तुकडे ओळखले, आणि कॅफेच्या नेटवर टॉरेंट बंद आहे म्हणून मोबाईलच्या हॉटस्पॉटवरनं तेवढेच ओढले, दहा मिनिटंही लागली नाहीत. हे मला आधी माहीत असतं तर एक एसटीची फेरी वाचली असती.

लॉगिन पान कधीकधी येतच नाही, तेव्हा नेव्हरएसएसएल डॉट कॉम (neverssl.com) उघडा, ती साईट मुद्दाम साध्या एचटीटीपीवर ठेवलेली आहे त्यामुळं पान लगेच येतं. तरीही नाही आलं तर फोनमधलं प्रायव्हेट डीएनएस, म्हणजे साईटचे पत्ते शोधायची सेटिंग, थोडा वेळ बंद करून बघा.

तिसऱ्या शनिवारी मालकांना ते 9 केबीचं पान दाखवलं. म्हणाले, "काय सांगताय ओ, मला वाटायचं लोकांचे लॅपटॉपच खराब आहेत. रोज एक तरी पोरगं तक्रार करतंय की." त्यांनी राउटर बसवणाऱ्याला तिथल्या तिथं फोन लावला. माणूस सरळ आहे, माझे 40 रुपये परत देत होते, मी घेतले नाहीत. पण काल गेलो तेव्हा सेशन अजून तासाचंच होतं आणि भिंतीवर पाटीही नव्हती. आता मी पन्नासाव्या मिनिटाला डाउनलोड पॉज करतो, वायफायमधनं लॉगआउट होऊन परत लॉगिन करतो, मग रिझ्युम. काल असंच केलं, हॅश जुळला.

चहाला आणि जागेला पूर्ण मार्क, वायफायला नाही. सहापैकी दोन मशीनवर मिंट चालू झालंय, उरलेली चार या आठवड्यात. तासाच्या लॉगिनची पाटी भिंतीवर लागली की इथं येऊन एक स्टार वाढवतो.