२५ डॉलरचा डक स्टॅम्प : हंगामभराच्या वापरानंतर

अमेरिकेत राहून पाणपक्षी बघणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने फेडरल डक स्टॅम्प, म्हणजे पाणथळ जमिनी राखण्यासाठी तिथलं केंद्र सरकार काढतं ते बदकाच्या चित्राचं वार्षिक तिकीट, दरवर्षी विकत घ्यावा. बंदुकीला कधी हात लावला नसला तरी घ्यावा. शिकाऱ्यांना तर पर्यायच नाही. १६ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही बदक किंवा कादंबाची शिकार करायची तर राज्याच्या परवान्याबरोबर हा स्टॅम्पही लागतो. बाकीच्यांसाठी तो ऐच्छिक आहे, आणि म्हणूनच तो हातात आल्यावर नेमका कसा वापरायचा हे फारसं कुठे एकत्र वाचायला मिळत नाही.

हे टपालतिकीट नाही. पाकिटावर लावलं तर पत्र जाणार नाही. टपालखात्यात विकलं जाणारं, पण महसुली स्वरूपाचं हे तिकीट आहे. त्याची मुदत १ जुलैला सुरू होते आणि पुढच्या वर्षीच्या ३० जूनला संपते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत घेतलेला स्टॅम्प जेमतेम काही आठवडे चालतो, किंमत मात्र पूर्ण पडते. जून संपता संपता नवा स्टॅम्प बाजारात येतो, तो लगेच घ्यावा. सगळ्या पोस्ट ऑफिसांत तो मिळत नाही. मोठ्या पोस्टात विचारावं, नाहीतर टपालखात्याच्या संकेतस्थळावरून मागवावा. खिडकीवर ‘डक स्टॅम्प’ म्हणून कळलं नाही तर ‘मायग्रेटरी बर्ड हंटिंग अँड कॉन्झर्वेशन स्टॅम्प’ हे पूर्ण नाव सांगावं.

ई-स्टॅम्प हा दुसरा मार्ग. तो राज्यांच्या परवाना-प्रणालीतून घेता येतो आणि २५ डॉलरवर थोडं सेवाशुल्क पडतं. पूर्वी तो ४५ दिवसच चालायचा, तेवढ्यात कागदी स्टॅम्प टपालाने घरी यायचा. डिसेंबर २०२३ मध्ये कायदा बदलला. आता ई-स्टॅम्प पूर्ण हंगाम चालतो, पण कागदी स्टॅम्प १० मार्चनंतर, म्हणजे शिकारीचा मोसम आटोपल्यावर पाठवला जातो. शिकाऱ्याची यात सोय आहे. आपल्यासारख्यांनी मात्र कागदीच घ्यावा. चित्र हातात धरण्यासाठीच स्टॅम्प घ्यायचा आणि ते मार्च उलटल्यावर पाहायचं, यात अर्थ नाही.

पक्षीनिरीक्षकाला मिळणारा थेट फायदा म्हणजे प्रवेश. ज्या नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्युजमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या वन्यजीव अभयारण्यात, प्रवेशशुल्क आहे, तिथे चालू वर्षाचा, सही केलेला स्टॅम्प हाच पास. न्यू जर्सीतलं एडविन बी. फोरसाइथ, डेलावेअरमधलं बॉम्बे हुक, व्हर्जिनियातलं चिंकोटीग, फ्लोरिडात सॅनिबेल बेटावरचं ‘डिंग’ डार्लिंग ही आपल्या लोकांच्या जाण्यायेण्यातली ठिकाणं. खासगी गाडीतून गेलात तर बरोबरच्यांचाही प्रवेश त्यात होतो. पैशांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा तर गाडीमागे रोजचं शुल्क दहा डॉलरच्या आसपास किंवा त्याहून कमीच असतं, आणि बहुतांश रेफ्युजना शुल्कच नाही. नुसती प्रवेशाची बचत करायला स्टॅम्प घेणाऱ्याचे पैसे वसूल व्हायला बऱ्याच फेऱ्या लागतील.

राष्ट्रीय उद्यानांत तो चालत नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. असाटीग बेटाचंच बघा. व्हर्जिनियाच्या बाजूने चिंकोटीग रेफ्युजच्या फाटकातून गेलात तर स्टॅम्प चालतो. त्याच बेटावर मेरीलँडच्या बाजूने गेलात तर तो नॅशनल पार्क सर्व्हिसचा भाग, तिथे वेगळे पैसे मोजावे लागतात. दोन्हीकडे चालणारा पास हवा असेल तर ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ वार्षिक पास घ्यावा लागतो. मात्र त्याच्या पैशांतून स्टॅम्पसारखी पाणथळ जमीन विकत घेतली जात नाही.

सही स्टॅम्पच्या दर्शनी बाजूवर, शाईने, आडवी करायची. नियम तसाच आहे. सही नसेल तर शिकाऱ्याच्या दृष्टीने स्टॅम्प कायदेशीर नाही आणि फाटकावरही तो पास म्हणून पुढे करता येत नाही. कागद गुळगुळीत असल्यामुळे जेल पेनची शाई पटकन वाळत नाही आणि बोट लागलं की बदकाच्या छातीवर डाग पडतो. बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर घ्यावा, सही चित्राच्या कडेला, पाण्याच्या किंवा आकाशाच्या मोकळ्या भागात करावी आणि पाच मिनिटं तसाच राहू द्यावा.

१९९८ पासून स्वयंचिकट प्रकारही निघतो. डॉलरच्या नोटेएवढ्या कागदावर एकच स्टॅम्प असतो. तो सोलून काढायची गरज नाही. सोलून प्लास्टिकच्या पाकिटात सरकवला तर चिकट बाजू प्लास्टिकला धरते आणि काढताना कोपरा दुमडतो. हा गोंद पाण्यात भिजवून सुटत नाही, त्यामुळे एकदा लागला की लागला. मागच्या कागदासकट कात्रीने कापावा, चहूबाजूंनी थोडी कड ठेवावी आणि ओळखपत्राच्या कडक पाकिटात घालावा. काही ठिकाणी फाटकावर माणूस नसतो, नुसती पैसे टाकायची पेटी असते. तिथे पाकीट आरशाला अडकवून ठेवलं की काम भागतं. फेरी संपली की काढून घ्यावं. उन्हाळ्यात काचेमागे राहिलेल्या स्टॅम्पचे रंग उडतात आणि गोंद उष्णतेने कडेतून बाहेर येतो. संग्रहासाठीही हवा असेल तर दोन घ्या, एक सहीचा आणि एक कोरा. एकाच स्टॅम्पकडून दोन्ही कामं होत नाहीत.

आता चित्राविषयी. २०२५-२६ च्या स्टॅम्पवर साउथ डकोटाच्या ॲडम ग्रिमने रंगवलेला स्पेक्टॅकल्ड आयडर आहे. हे अलास्काच्या टोकाला राहणारं समुद्री बदक, अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत १९९३ पासून आहे. नराच्या डोळ्याभोवती काळ्या कडेचं मोठं पांढरं वर्तुळ, मानेमागे हिरवी झाक, नारिंगी चोच. हे सगळं पावणेदोन इंचांच्या आसपासच्या कागदावर स्पष्ट दिसतं. याचं श्रेय मूळ चित्र किती बारकाईने काढलंय याला कमी आणि आकृती व पार्श्वभूमी यांच्यातल्या उजेड-अंधाराच्या फरकाला जास्त आहे. स्टॅम्पचं चित्र दरवर्षी स्पर्धेतून निवडतात. तिथे चित्र आडवं, ७ बाय १० इंचांचं लागतं आणि ९ बाय १२ चं पांढरं माउंट लावून पाठवायचं असतं. एवढं चित्र स्टॅम्पवर आलं की पिसापिसाच्या रेघा एकमेकींत मिसळतात. तपकिरी लव्हाळ्यापुढे तपकिरी मादी काढलेली असेल तर ती भिंतीवर सुंदर दिसते आणि स्टॅम्पवर हरवते. म्हणूनच परीक्षकांपुढे तीन निकष असतात : शरीररचना अचूक आहे का, रचना कशी आहे, आणि स्टॅम्पच्या आकारात ते चित्र टिकेल का.

पाच परीक्षक असतात. पहिल्या फेरीत नुसतं ‘आत’ किंवा ‘बाहेर’, पुढच्या फेऱ्यांत गुण. दरवर्षी ठरावीक पाच प्रजाती जाहीर होतात, त्यांपैकीच एक रंगवायची. प्रवेशशुल्क १२५ डॉलर. विजेत्याला रोख बक्षीस नाही. त्याच्या चित्राच्या स्टॅम्पचा, इंटिरिअर खात्याच्या मंत्र्याच्या सहीचा एक ताव मिळतो आणि चित्राच्या प्रती विकायचा हक्क त्याच्याकडे राहतो. तरी मिनेसोटाचे तीन हॉटमन बंधू वर्षानुवर्षं आलटून पालटून जिंकत आले आहेत. १९९१ च्या स्टॅम्पवरचे किंग आयडर नॅन्सी हाउ यांचे. ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली स्त्री.

एका टप्प्यावर ही कला बिघडवण्याचा प्रयत्न झाला. २०२० मध्ये चित्रात शिकारीशी संबंधित काहीतरी दिसलंच पाहिजे असा कायमचा नियम आणला गेला. २०२१-२२ चा स्टॅम्प बघा. रिचर्ड क्लिफ्टन यांनी काढलेलं लेसर स्कॉप जातीचं बदक उत्तम आहे, पण शेजारी पाण्यावर बदकाचा आवाज काढायची लाकडी शिट्टी तरंगते आहे. नजर आधी तिच्याकडेच जाते. २०२१ मध्ये नियम मागे घेतला, ते योग्यच झालं. शिकारीचा विषय मुळातच वर्ज्य होता असं नाही. १९५९ च्या स्टॅम्पवर मेनार्ड रीस यांनी तोंडात मॅलार्ड धरलेला किंग बक हा लॅब्रॅडोर काढला, आणि तो संपूर्ण मालिकेतल्या देखण्या स्टॅम्पांपैकी एक आहे. फरक एवढाच की ती चित्रकाराची निवड होती.

पैसा कुठे जातो ते नीट समजून घेण्यासारखं आहे. डॉलरमागे ९८ सेंट मायग्रेटरी बर्ड कॉन्झर्वेशन फंडात जमा होतात आणि त्या निधीतून जमीन घेतली जाते. १९३४ पासून ६० लाख एकरांहून जास्त अधिवास यातून राखला गेला. कायदा १६ मार्च १९३४ चा. धुळीच्या वादळांचा आणि दुष्काळाचा तो काळ होता. पाणथळी शेतीसाठी निचरून टाकल्या गेल्या होत्या आणि बदकांची संख्या कोसळली होती. पहिला स्टॅम्प एक डॉलरचा. तो व्यंग्यचित्रकार जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग यांनी काढला, पाण्यावर उतरणारी मॅलार्डची जोडी. त्या वेळी वन्यजीवांचं सरकारी खातं त्यांच्याच हाताखाली होतं. पहिल्या वर्षी ६,३५,००१ स्टॅम्प खपले.

सगळी जमीन विकतच घेतली जाते असं नाही. डकोटा, मिनेसोटा, माँटाना या भागांत गवताळ प्रदेशात हजारो छोटी तळी आहेत आणि उत्तर अमेरिकेतली बदकं मोठ्या संख्येने तिथे अंडी घालतात. तिथे शेतकऱ्याशी कायमचा ईझमेंट करार होतो. जमीन त्याचीच राहते. तळं निचरायचं नाही, भरायचं नाही, सपाट करायचं नाही, जाळायचं नाही. तळं आपोआप आटलं तर त्यात पेरणी करायला मुभा आहे, गुरं चारायलाही. त्याच डॉलरमध्ये खरेदीपेक्षा जास्त पाणी यामुळे वाचतं. २०१४ च्या कायद्याने किंमत १५ वरून २५ डॉलर झाली, तेव्हा वाढीव १० डॉलर या करारांसाठीच राखून ठेवले गेले. त्याआधी १९९१ पासून किंमत १५ वरच अडकली होती आणि जमिनीचे भाव चढत होते. तेवढ्याच पैशांत दरवर्षी कमी एकर येत गेले. २५ चा आकडाही आता दहा वर्षं हललेला नाही, आणि तो वाढवायला अमेरिकी संसदेचाच, म्हणजे काँग्रेसचाच, कायदा लागतो. वाढ मागायची तर पक्षीनिरीक्षकांनीही मागितली पाहिजे.

एक खटकणारी गोष्ट आहे. दरवर्षी साधारण १५ लाख स्टॅम्प खपतात, पण खिडकीवर घेणारा शिकारी आहे की निरीक्षक याची नोंद होत नाही. आपण दिलेले २५ डॉलर शिकाऱ्यांच्या खात्यात मोजले जातात असं अनेकांना वाटतं, आणि ते चुकीचं नाही. पण तळ्याला त्याने फरक पडत नाही. २०२४-२५ च्या स्टॅम्पवर चक ब्लॅक यांनी काढलेला पिनटेल हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरलाही उतरतो, तिथे आपण त्याला तलवार बदक म्हणतो. या पैशातून राखलेल्या तळ्यांवर वाढणारे पिनटेल इकडे येत नाहीत, तरी पक्षी ओळखीचा आहे.

मुलांसाठी पाच डॉलरचा ज्युनिअर डक स्टॅम्प वेगळा मिळतो. त्यावरचं चित्र शालेय वयाच्या मुलांनी काढलेलं असतं आणि पैसे निसर्गशिक्षणाला जातात. त्याच्यावर ना प्रवेश मिळतो ना शिकार करता येते, हे घेताना मुलांना सांगावं.

जुने स्टॅम्प भारतात पाठवणार असाल किंवा मुंबई-कोकणात ठेवणार असाल तर गोंद हीच खरी अडचण. पावसाळ्यात जुना पाण्याचा गोंद आपोआप ओला होतो आणि स्टॅम्प अल्बमच्या पानाला धरतो. स्टॅम्प ठेवायचं पारदर्शक माउंट पॉलिस्टरचं किंवा पॉलिप्रोपिलीनचं घ्यावं, पीव्हीसीचं नको, त्यातलं मऊ करणारं रसायन शाई खातं. अल्बम उभा ठेवावा, दाबून नाही, आणि डब्यात सिलिका जेल टाकून दर पावसाळ्याआधी बदलावं. विकत घेताना ‘कोरा, सही नसलेला’ असा दावा असेल तर स्टॅम्प तिरक्या उजेडात आणि अतिनील दिव्याखाली बघावा. रसायनाने सही पुसून मागे नवा गोंद लावलेले स्टॅम्प बाजारात फिरतात. पुसलेल्या जागी कागदाची चमक वेगळी दिसते आणि नवा गोंद दातेरी कडेतल्या छिद्रांपर्यंत घुसलेला असतो. काही वर्षांच्या स्टॅम्पवर मागचा मजकूर थेट गोंदावर छापलेला आहे. त्या वर्षाचा स्टॅम्प मागून कोराच दिसत असेल, तर तो कधीतरी पाण्यातून गेलेला आहे असं समजून तेवढीच किंमत द्यावी.